मोठ्या सिस्टर आणि नळीतलं औषध

थांबा मित्रांनो, आधी माझा दिवा लागतोय का ते बघू द्या. लागला. हुश्श. आता बोलायला हरकत नाही.

मी एक जुना लॅरिंगोस्कोप आहे. नाव म्हणताना जीभ अडखळली असेल, तर अडखळू द्या. आमच्या इस्पितळात मला त्या नावाने कोणी हाक मारत नाही. मला सगळे 'विळा' म्हणतात. एक जाडसर दांडा, दांड्यात सेल, त्याला जोडलेलं विळ्यासारखं वाकडं पातं आणि पात्याच्या टोकापाशी हरभऱ्याहून लहान दिवा, असा माझा अवतार. पातं उघडलं की दिवा लागतो, मिटलं की विझतो. धार मात्र मला अजिबात नाही, तेव्हा उगाच घाबरू नका. घाबरायचं काम माझ्याकडे आहे.

एखादा माणूस बेशुद्ध पडला, त्याचा श्वास थांबला, की डॉक्टर मला त्याच्या तोंडात घालतात, जीभ बाजूला सारतात आणि माझ्या उजेडात श्वासनलिकेचं दार शोधतात. त्या दारातून एक प्लास्टिकची नळी आत सरकवतात आणि नळीतून हवा देतात. मी फक्त दार दाखवतो. पण त्या दाराला लागूनच मागे दुसरं दार असतं, अन्ननलिकेचं. नळी चुकून तिकडे गेली तर सगळी हवा पोटात जाते, आणि माणूस... नको ते बोलणं. आता सांगा, असलं काम ज्याच्या नशिबी आलं तो काळजी करणार नाही तर काय करणार?

मला घडवलं तेव्हा आधी तापवलं, मग वाकवलं, मग घासून घासून गुळगुळीत केलं. मला वाटलं होतं, आपला चमचा होणार. झालो असतो तर सुखात असतो. चमच्याच्या हातून चूक झाली तर फार तर शर्टावर डाग पडतो. पण मला दिवा बसवला गेला. तो बसवणारा कारागीर म्हातारा होता. त्याने पातं उघडून बघितलं, मिटून बघितलं, आणि माझ्याकडे रोखून बघत पुटपुटला, "बाबा रे, नेमक्या वेळी लागला नाहीस तर तुझा काही उपयोग नाही." झालं. तेव्हापासून ते वाक्य माझ्या दांड्यात सेलांच्या शेजारी जे बसलं, ते अजून तिथेच आहे.

इस्पितळात आलो आणि तातडीच्या खोलीतल्या लाल ट्रॉलीच्या वरच्या खणात राहू लागलो. किती तोंडं पाहिली, किती दारं दाखवली, त्याची गणती नाही. कौतुकही झालं. "याचा उजेड काय पांढरा पडतो हो," असं डॉक्टर म्हणायचे आणि मी दांड्यापर्यंत सुखावायचो. पण नळी आत गेली रे गेली, की मला बाजूला टाकून द्यायचे. गरज सरो, वैद्य मरो. त्याचं मला वाईट वाटायचं नाही. वाईट वाटायचं ते हे, की माणूस वाचला की नाही ते मला कोणी सांगायचं नाही. मी उशीपाशी आडवा पडून जमेल तेवढं बघायचो आणि जीव टांगणीला लावून घ्यायचो.

मला माणसासारखं वागवलं ते मोठ्या सिस्टरांनी. त्या तातडीच्या खोलीच्या प्रमुख. रोज सकाळी कामावर आल्या की चहा घेण्याआधी खण उघडायच्या, माझं पातं उघडून दिवा बघायच्या, स्पिरिटच्या बोळ्याने सांधा पुसायच्या आणि मगच बाकीच्या जगाकडे वळायच्या. बाकीचे त्यांना चिडवायचे. विळ्याला आंघोळ घातलीत, आता तीट लावा, म्हणायचे. त्या हसायच्या, पण कधी चुकल्या नाहीत.

त्यांचा दुसरा ध्यास म्हणजे शिकवणं. मागच्या खोलीत एक पाय नसलेला रबरी बाहुला होता. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती कशी दाबायची, ते त्या बाहुल्यावर सगळ्यांना शिकवायच्या. सगळ्यांना म्हणजे रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरलासुद्धा. त्यांचं एकच वाक्य होतं, "हात थांबला की माणूस थांबला." हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या यंत्राने झटक्याच्या वेळी 'दूर व्हा' म्हटलं तर तेवढं व्हायचं. नाहीतर आभाळ कोसळलं तरी हात थांबवायचा नाही. हे त्यांनी इतकं घोटून घेतलं होतं की झोपेतून उठवून विचारलं तरी कोणीही सांगितलं असतं.

त्यांचा सगळ्यात लाडका शिष्य म्हणजे पैलवान. पैलवान आमचा वॉर्डबॉय. अंगाने दाराएवढा, मनाने लोण्याचा. लहान मुलाला सुई टोचताना बघितलं की हाच डोळे पुसायचा. आई लवकर गेलेली, म्हणून असेल, पण मोठ्या सिस्टर रागावल्या तरी त्याला ते गोड लागायचं. त्यांचा शब्द म्हणजे त्याला काळ्या दगडावरची रेघ.

मग सिस्टरांना कॅन्सर झाला. वर्षभर त्या आल्या नाहीत, आणि ते वर्ष मी कसं काढलं ते माझं मला माहीत. खण उघडायचा, पण कात्रीसाठी नाहीतर चिकटपट्टीसाठी. माझ्या अंगावर पेनांची टोपणं आणि रबरं येऊन पडली. सेल फुगले. सुदैवाने त्या काळात खोलीत जे आले त्यांना माझ्या जोडीदाराने, सरळ पात्याच्या भावाने, तारून नेलं. पुढे तोही दुरुस्तीला गेला तो गेलाच. अंधारात पडून मी एकच विचार करायचो, की आत्ता कोणी आलं आणि माझी गरज लागली, तर काय होईल?

सिस्टर परत आल्या तेव्हा मी त्यांना ओळखलंच नाही. डोक्याला रुमाल, गालांची हाडं वर आलेली. औषधं चढवून चढवून हातांच्या शिरा करपून काळ्या दोऱ्यांसारख्या झाल्या होत्या. त्यांनी खण उघडला, माझं पातं उघडलं. अंधार. त्या कोणावर ओरडल्या नाहीत. नवे सेल घातले, सांधा घासला, दिवा लागेपर्यंत चहाला गेल्या नाहीत. मित्रांनो, पोलादाला रडता येत नाही हे त्या दिवशी बरं झालं.

आता ती सकाळ सांगतो. सांगताना अजूनही माझा दिवा थरथरतो.

आजारपणानंतर सिस्टरांचे यजमान त्यांना रोज स्कूटरवरून सोडायला यायचे. त्या दिवशीही आले. सिस्टर वर आल्या, खण उघडला आणि मला अगदी डोळ्यांजवळ धरलं, कारण चष्मा स्कूटरच्या डिकीतच राहिला होता. मी लागलो. "लागला," त्या म्हणाल्या. मग त्यांची बोटं सैल झाली. आधी मी फरशीवर पडलो, आणि माझ्यामागून त्या.

पैलवान पलीकडे खाटेवर चादर घालत होता. तो एका उडीत आला. हाक मारली, हलवलं, मान वळवून श्वास बघितला. श्वास नव्हता. त्याने त्यांना फुलासारखं उचलून खाटेवर ठेवलं आणि छाती दाबायला सुरुवात केली. बरोबर जागेवर, बरोबर जोराने, त्यांनीच शिकवल्याप्रमाणे. त्यांच्या हाताखालची धाकटी सिस्टर धावत आली. तिने यंत्राच्या पट्ट्या छातीला चिकटवल्या आणि तोंडावर मास्क धरून हवेचा फुगा दाबू लागली. भूल देणाऱ्या डॉक्टरबाई ऑपरेशनच्या खोलीतून तशाच पळत आल्या. यंत्र 'दूर व्हा' म्हणालं, झटका बसला, पैलवानाने पुन्हा हात ठेवले. यंत्राच्या पडद्यावरची रेघ नुसती बारीक थरथरत राहिली.

आता औषध हवं होतं. दमून बसलेल्या हृदयाला हाकारून उठवणारं एक औषध असतं, अॅड्रिनलिन. ते शिरेतून देतात. पण शिरा होत्या कुठे? धाकट्या सिस्टरने एका हातावर सुई घातली, मग दुसऱ्या, मग पायावर. कुठेच रक्त येईना. कॅन्सरच्या औषधांसाठी बसवलेली गळ्याखालची नळी नुकतीच काढून टाकलेली. हाडातून औषध द्यायची सुई मागवली होती, ती आली नव्हती. ज्यांनी तिला शीर शोधायला शिकवलं, त्यांचीच शीर तिला सापडत नव्हती.

"नळी घालू," डॉक्टरबाई म्हणाल्या. "औषध नळीतूनच देऊ. विळा कुठे आहे?"

विळा फरशीवर होता, मित्रांनो. खाटेखाली. त्यांनी मला उचललं, पुसलं, पातं उघडलं. अंधार.

आयुष्यभर ज्या क्षणाची भीती बाळगली, तो समोर उभा होता, तोही कोणासाठी? माझ्या छातीत धस्स झालं म्हणावं तर मला छातीच नाही, पण जे काही आहे ते सगळं गार पडलं. पडताना माझा दिवा आट्यांतून सैल झाला होता. डॉक्टरबाईंनी मला तळहातावर आपटलं. लागलो, विझलो. त्यांनी नखाने दिवा आवळला. लागलो, पण आजाऱ्याच्या डोळ्यासारखा पिवळा. तेवढ्या उजेडावर त्यांनी मला सिस्टरांच्या तोंडात घातलं.

पैलवानाच्या प्रत्येक दाबासरशी सगळं हिंदकळत होतं. मी जीव खाऊन उजेड पाडत होतो. जीभ सरली, घशातला पडदा वर उचलला गेला, आणि दिसलं ते दार. दोन पांढऱ्या पट्ट्या, तंबूच्या दारासारख्या. नळी त्यांच्या मधून आत गेली, मी स्वतः पाहिली, आणि त्याच क्षणी मी विझलो.

डॉक्टरबाईंना शेवटचं नीट दिसलं नव्हतं. मला दिसलं होतं, पण मला तोंड कुठे आहे? त्यांनी पोटावर स्टेथोस्कोप लावून ऐकलं, मग छातीच्या दोन्ही बाजूंना. फुगा दाबला की छातीत आवाज येत होता, पोटात नाही. त्यांनी मान हलवली. मला उशीपाशी टाकलं.

फुप्फुसं म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं. त्यात औषध पोचलं तर रक्तात शिरतं. पण वाटेत बरंच वाया जातं, म्हणून शिरेपेक्षा जास्त लागतं, सलाइनच्या पाण्यात मिसळून द्यावं लागतं आणि वरून फुगा भराभर दाबून खोल ढकलावं लागतं. आणखी एक गोष्ट असते. ते देताना क्षणभर छाती दाबणं थांबवावं लागतं, नाहीतर आतली हवा औषधाला आल्या वाटेने परत फेकते. डॉक्टरबाईंना हे माहीत होतं. धाकटीलाही माहीत होतं. पैलवानाला कोणी कधी सांगितलंच नव्हतं.

धाकटीने काचेच्या कुप्या फोडून औषध भरलं. डॉक्टरबाई फुगा काढून म्हणाल्या, क्षणभर थांबा. त्यांना वाटलं, पैलवान थांबलाच. त्यांनी औषध नळीत सोडलं. पैलवानाने दाबलं. सगळं औषध फवाऱ्यासारखं वर उडालं. डॉक्टरबाईंच्या गालावर, उशीवर आणि माझ्या पात्यावर. सिस्टरांच्या फुप्फुसात जायचं ते औषध माझ्या अंगावरून ओघळत होतं, आणि मी ते परत देऊ शकत नव्हतो.

"थांबा म्हटलं ना," डॉक्टरबाई म्हणाल्या.

पैलवान रडत होता आणि दाबत होता. "नाही थांबणार. मोठ्या सिस्टरांनी सांगितलंय, हात थांबला की माणूस थांबला."

तेवढ्यात दारात सिस्टरांचे यजमान येऊन उभे राहिले, हातात चष्म्याचं घर घेऊन. त्यांना बाहेर न्यायला कोणाला सवड नव्हती.

धाकटीने खोक्यात बघितलं. नळीला औषध जास्त लागतं, त्यामुळे खोकं जवळजवळ रिकामं झालं होतं. आणखी एका वेळेपुरत्या कुप्या होत्या. तिने ड्रायव्हरला ऑपरेशनच्या खोलीकडे पिटाळलं, पण तो जिना चढून उतरेपर्यंत वाट बघणं परवडणारं नव्हतं. हेही उडालं तर? माझ्या मनात दुसरं काही येईना. हेही उडालं तर?

डॉक्टरबाई ओरडल्या असत्या तर मला नवल वाटलं नसतं. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी पैलवानाच्या चालत्या हातांवर आपला हात ठेवला, त्याच्याबरोबर वरखाली होऊ दिला आणि सावकाश म्हणाल्या, "पैलवान, औषधाला आत जायला वाट द्या. तुमच्या दाबाने ते बाहेर उडतंय. मी उचला म्हटलं की हात उचलायचे, ठेवा म्हटलं की ठेवायचे. मधे फक्त फुगा दाबायचा, तेवढाच वेळ."

"आणि तेवढ्यात त्या गेल्या तर?"

"तर ते माझ्यावर. तुमच्यावर नाही."

तो एकदा सिस्टरांच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाला, "सिस्टर, माफ करा." मग डॉक्टरबाई उचला म्हणाल्या, आणि त्याने हात उचलले.

ते हात हवेत थरथरत राहिले. खोलीत इतकं शांत मी कधी ऐकलं नव्हतं. औषध नळीत उतरलं. उडालं नाही. फुगा दाबला, पुन्हा दाबला, पुन्हा. पैलवानाने डोळे मिटले होते. "ठेवा," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि तो बुडत्याने काठ धरावा तसा त्या छातीवर परत आला.

मग वाट बघणं आलं. पैलवानाला घाम फुटला, पण तो जागा सोडेना. पडद्यावरची बारीक थरथर हळूहळू मोठी झाली, तिला दात आले. यंत्र 'दूर व्हा' म्हणालं. झटका बसला. धाकटीने गळ्यावर दोन बोटं ठेवली. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो, ती मात्र डोळे मिटून बोटांनीच ऐकत होती.

"लागतेय," ती म्हणाली. "नाडी लागतेय."

पैलवान मटकन खाली बसला. सिस्टरांचे यजमान दोन पावलं आत आले आणि त्यांनी चष्म्याचं घर धाकटीपुढे धरलं. "हे जवळ ठेवा तिच्या," ते म्हणाले. "जागी झाली की तिला काही दिसायचं नाही."

सिस्टरांना जागं व्हायला बरेच दिवस लागले. त्या काळात पैलवान कोणाशी धड बोलला नाही. मला मात्र तो दुकानात घेऊन गेला, नवा दिवा बसवून आणला आणि सिस्टर उठून बसू लागल्यावर तो दिवा दाखवायला त्यांच्या खोलीत गेला, म्हणून पुढचं मला ऐकायला मिळालं.

"माझ्या बरगड्या कोणी मोडल्या?" सिस्टरांनी विचारलं. छाती नीट दाबली की कधी कधी बरगडी मोडते, हे त्यांनीच शिकवलेलं. "मी," पैलवान म्हणाला. "मग बरोबर शिकलास," असं म्हणून त्या हसल्या आणि हसल्यामुळे दुखून कळवळल्या. एरवी तो एवढ्यावर खूश होऊन गेला असता. त्या दिवशी गेला नाही. मान खाली घालून म्हणाला, "पहिलं औषध माझ्यामुळे वाया गेलं. बाई थांब म्हणाल्या, मी थांबलो नाही."

तो रागावून घ्यायला आला होता. सिस्टरांनी आपला काळ्या दोऱ्यांचा हात त्याच्या हातावर ठेवला.

"मी तुला थांबायचं शिकवलंच नव्हतं रे," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, आता आमच्याकडे हाडात टोचायची सुई आली आहे, त्यामुळे नळीतून औषध द्यायची वेळ क्वचितच येते. पडद्यावर चित्र दाखवणारा माझा एक रुबाबदार भाऊबंदही आला आहे. मी खालच्या खणात असतो, अडीनडीला. माझी तक्रार नाही, फक्त विनंती आहे. आमच्यासारख्या वस्तू वर्षातून एखाद्या वेळी लागतात, पण लागतात तेव्हा दुसरं काही चालत नाही. काही घडलेलं नसताना आम्हाला उघडून बघत जा. आणि कोणी तुम्हाला एखादं काम जीव लावून शिकवलं, तर ते जीव लावूनच करा, पण त्यांना एवढं विचारून ठेवा, की हे थांबवायचं कधी. पैलवानाने विचारलं नाही, कारण त्याची श्रद्धा होती. सिस्टरांनी सांगितलं नाही, कारण गरज पडेल असं त्यांना वाटलं नव्हतं. चूक दोघांचीही नव्हती, आणि जीव मात्र जात होता.

सिस्टर आता धावपळीचं काम करत नाहीत. स्टुलावर बसून फक्त शिकवतात. दाबणं सगळ्यांना पटकन येतं. मग त्या "उचला" म्हणतात, आणि सगळ्यांचे हात बाहुल्यावरून उठतात. पैलवानाचे सगळ्यात शेवटी. तो डोळे घट्ट मिटतो, हात हवेत थरथरतात. बाहुला रबराचा आहे, त्याला काही होणार नाही, हे खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक असतं. तरी फुगा दाबून होण्याआधीच सिस्टरांना राहवत नाही, आणि त्या हलक्या आवाजात म्हणतात, "ठेव रे, ठेव आता."